'पीसीआयमध्येच तसं आहे' असं सर म्हणतात, तेव्हा काय विचारायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वागळे इस्टेटमधल्या एका हॉटेल-बुकिंगच्या कंपनीत तुम्ही चार महिन्यांपूर्वी सपोर्ट इंजिनियर म्हणून लागलात. प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. फोनवर बुकिंग घेणारी मुलं पाहुण्याकडून कार्ड नंबर, एक्स्पायरी आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही विचारून घेतात, बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये भरतात, आणि पाहुणा चेक-इन करेपर्यंत ते सगळं तिथेच राहतं. तुम्ही मॅनेजरना याबद्दल विचारलंत तेव्हा त्यांनी पीसीआयच्या, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या मानकाच्या, नावाने वेगवेगळ्या वेळी चार गोष्टी सांगितल्या. आपला पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डाचे व्यवहार पुढे बँकेकडे नेणारी बाहेरची सेवा, पीसीआय सर्टिफाइड आहे, त्यामुळे आपणही आहोत. सीव्हीव्ही एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवलाय आणि पीसीआयला तेवढं चालतं. ऑडिटसाठी टीममधल्या सगळ्यांचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये त्यांच्याकडे असलेच पाहिजेत. आणि डेस्कवर मोबाइल ठेवायचा नाही, तेही पीसीआयमुळेच. यातलं खरं किती, आणि खरं नसेल तर नोकरीला धक्का न लावता ते विचारायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सोळा वर्षं या कामात आहे. सुरुवातीला महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळले, मग बरीच वर्षं कार्ड-सुरक्षेची ऑडिटं केली. आता ऐरोलीत राहून लहान-मध्यम कंपन्यांना ऑडिटच्या आधीची तयारी करून देते. तुमच्या सरांची चारही वाक्यं मी या पट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये अनेकदा ऐकली आहेत. बोलणारे बहुतेक जण प्रामाणिकपणे चुकत होते. म्हणून 'सर खोटं बोलतात का' या वाटेने जाऊ नका. त्या वाटेवर हाती काही लागत नाही आणि संबंध मात्र बिघडतात.

खरी अडचण अशी की ऑफिसात 'पीसीआय' हा शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. आपल्या हाउसिंग सोसायटीत सेक्रेटरी 'बायलॉजमध्ये आहे' म्हणतात तेव्हा काय होतं, आठवून पाहा. कधी ते खरोखर उपविधींमध्ये असतं, कधी सर्वसाधारण सभेत ठरलेलं असतं, कधी कमिटीने परस्पर ठरवलेलं असतं, तर कधी आधीच्या सेक्रेटरीच्या काळापासून नुसतं चालत आलेलं असतं. चारही वेळा वाक्य तेच. पीसीआयचंही तसंच आहे. एखादी गोष्ट खुद्द मानकात असते, एखादी तुमच्या बँकेने करारातून घातलेली असते, एखादी कंपनीची स्वतःची पॉलिसी असते, आणि एखादी कोणाच्या तरी जुन्या नोकरीतली सवय असते. तुम्हाला शोधायचं आहे ते एवढंच, की सरांचं वाक्य या चारांपैकी कोणाचं आहे.

मानकाबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीसीआय डीएसएस, म्हणजे पेमेंट कार्ड इंडस्ट्री डेटा सिक्युरिटी स्टँडर्ड, याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर, जेसीबी, मास्टरकार्ड आणि व्हिसा या पाच कंपन्यांनी मिळून ते सांभाळायला एक परिषद स्थापन केली. सध्याची आवृत्ती जून २०२४ ची ४.०.१. बारा मुख्य रिक्वायरमेंट्स आहेत आणि त्यांखालच्या प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक आहे. संपूर्ण दस्तऐवज परिषदेच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, फक्त वापराच्या अटी मान्य कराव्या लागतात. तो आज रात्रीच उतरवून घ्या. दुसरं असं की हा कायदा नाही. कार्ड कंपन्या बँकांना बांधतात, आणि ज्या बँकेमार्फत कार्डाचे पैसे तुमच्या कंपनीच्या खात्यात येतात ती बँक करारातून तुमच्या कंपनीला बांधते. या बँकेला आमच्याकडे अक्वायरर म्हणतात. त्यामुळे 'आपल्याला हे लागू आहे का' याचं शेवटचं उत्तर अक्वायरर देतो, मॅनेजर देत नाही आणि ऑडिटरही देत नाही.

आता तुमच्या सरांच्या दुसऱ्या वाक्याकडे आधी येते, कारण सर्वांत जास्त धोका तिथे आहे.

सीव्हीव्हीबद्दल मानक अगदी स्पष्ट आहे. ३.३.१ ही मागणी सांगते की ऑथरायझेशन, म्हणजे बँकेकडून व्यवहाराला मिळणारी मंजुरी, पूर्ण झाल्यावर सीव्हीव्ही, चुंबकीय पट्टीवरची संपूर्ण माहिती आणि पिन यांतलं काहीही ठेवायचं नाही, एन्क्रिप्ट केलेलं असलं तरीही नाही. ही सवलत का नाही, ते समजून घ्या, म्हणजे सरांशी बोलताना क्रमांक पाठ करून गेल्यासारखं वाटणार नाही. सीव्हीव्ही चुंबकीय पट्टीवर नसतो, तो फक्त कार्डावर छापलेला असतो. फोनवरून किंवा ऑनलाइन खरेदी करणाऱ्याच्या हातात खरंच कार्ड आहे, एवढं दाखवणं हे त्याचं एकच काम. कार्ड नंबरच्या शेजारीच तो साठवून ठेवला की हा पुरावा नाहीसा होतो. एन्क्रिप्शनने प्रश्न सुटत नाही, कारण किल्ली तुमच्याच कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि बुकिंगच्या स्क्रीनवर तो आकडा कोणालातरी उघडा दिसतोच. दिसत नसता तर ठेवला कशाला असता?

मग सर एवढ्या खात्रीने का सांगतात? मला दोन शक्यता दिसतात. मानकात लगेच पुढे ३.३.२ आहे. ती म्हणते की ऑथरायझेशन पूर्ण होण्याआधी ही माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवली असेल तर ती एन्क्रिप्ट केलेली हवी. ३१ मार्च २०२५ पर्यंत हे ऐच्छिक होतं, त्यानंतर सक्तीचं झालं. त्या सुमाराला बऱ्याच कंपन्यांत याची प्रेझेंटेशनं झाली आणि 'सीव्हीव्ही एन्क्रिप्ट करायचा' एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं, 'आधी' हा शब्द गळून गेला. दुसरी शक्यता अशी की सरांची आधीची नोकरी कार्ड देणाऱ्या बँकेत किंवा तिचं काम करणाऱ्या कंपनीत झाली असेल. कार्ड देणाऱ्यांना अशी माहिती ठेवण्याची खरी गरज असते आणि मानक त्यांना तेवढी वेगळी वाट देतं. हॉटेल-बुकिंगच्या कंपनीला ती वाट नाही.

इथेच परिस्थितीचा भाग येतो, आणि तुमच्या प्रश्नात नेमकी तीच माहिती नाही. तुमच्याकडे कार्डावर पहिला व्यवहार कधी होतो? बुकिंगच्या वेळी एका रात्रीचे पैसे कापले जात असतील, तर ऑथरायझेशन त्याच क्षणी झालं. त्यानंतर सीव्हीव्ही चेक-इनपर्यंत ठेवणं हा सरळ भंग आहे, यात दुमत नाही. 'उरलेले पैसे नंतर कापायचेत' हे कारण चालत नाही. ज्या व्यवहारासाठी सीव्हीव्ही घेतला तो मंजूर झाला की त्याचं काम संपलं. पण बुकिंगच्या वेळी काहीच कापलं जात नसेल आणि कार्ड फक्त हमी म्हणून घेतलं जात असेल, तर तुम्ही अजून 'ऑथरायझेशनच्या आधी'च्या काळात आहात. मानक याला थेट मनाई करत नाही. ते म्हणतं, तुमच्या अक्वायररला आणि कार्ड नेटवर्कला (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) विचारा, आणि तोवर ३.३.२ प्रमाणे एन्क्रिप्ट करा. तसं असेल तर सरांचं म्हणणं निम्मं बरोबर ठरतं. राहिलेल्या निम्म्यासाठी बँकेची लेखी परवानगी कुठे आहे, हे विचारावं लागतं.

आणि मग पुढचा प्रश्न: चेक-इननंतर तो खरंच पुसला जातो का? मुख्य टेबलमधून पुसला गेला तरी रोजच्या बॅकअपमध्ये, टेस्ट सर्व्हरवरच्या कॉपीत, एरर लॉगमध्ये तो राहतो का? तुर्भ्याच्या एका कंपनीत मी ऑडिटला गेले होते. डेटाबेस स्वच्छ होता, एन्क्रिप्शन चांगलं होतं, कागदपत्रं नीट लावलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज विचारलं की कॉल रेकॉर्ड होतात का. होतात, म्हणाले, क्वालिटीसाठी. एक कॉल ऐकवायला सांगितला. एजंट मुलगी पाहुण्याने सांगितलेला आकडा अन् आकडा परत म्हणून खात्री करून घेत होती, शेवटचे तीनसुद्धा. तिला तसंच शिकवलेलं होतं. दोन वर्षांची रेकॉर्डिंग्ज पडून होती आणि टीम लीडरपासून ट्रेनरपर्यंत सगळ्यांना ती उघडत होती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, तरी त्या कंपनीतला सीव्हीव्हीचा सगळ्यात मोठा साठा तोच होता. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होत असतील तर सॉफ्टवेअरच्या आधी तिकडे बघा. पेमेंटची स्क्रीन उघडली की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणं, पाहुण्याने आकडे बोलण्याऐवजी फोनच्या बटणांनी टाकणं आणि ते सूर एजंटला ऐकू न येणं, किंवा सरळ गेटवेची पेमेंट लिंक पाठवणं, असे मार्ग आहेत. लहान कंपनीला मी लिंकच सुचवते. आकडा कानावर पडलाच नाही तर सांभाळायचा प्रश्न उरत नाही.

एक भारतीय बाजूही लक्षात ठेवा. भारतात दिलेल्या कार्डांवरच्या देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम केला आहे की कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून व्यवहाराच्या साखळीतल्या कोणीही कार्डाची माहिती साठवून ठेवायची नाही. हिशेब जुळवायला शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. तुमच्या वेबसाइटवर 'कार्ड सेव्ह करा' अशी सोय असेल आणि मागे खरे नंबर साठवले जात असतील, तर पीसीआय काय म्हणतं यावर चर्चा करायचीच गरज नाही. तिथे रिझर्व्ह बँकेचा नियम आधी येतो.

आता गेटवेचं वाक्य. गेटवे सर्टिफाइड आहे म्हणून आपणही आहोत, हे म्हणजे बिल्डिंगच्या लिफ्टचं इन्स्पेक्शन झालंय म्हणून आपल्या घरातलं वायरिंगही तपासून झालं, असं म्हणण्यासारखं आहे. गेटवेचं काम गेटवेच्या सीमेपर्यंत. तुमच्या एजंटच्या कानापासून, कीबोर्डवरून, तुमच्या सॉफ्टवेअरमधून कार्ड नंबर जातो, तोवरची जबाबदारी तुमच्या कंपनीची. उलट मानकाच्या १२.८ खाली तुमच्याच कंपनीवर काम येतं: कार्डाच्या माहितीशी संबंध येणाऱ्या सगळ्या बाहेरच्या कंपन्यांची यादी ठेवायची, त्यांची स्थिती किमान दर बारा महिन्यांनी तपासायची, आणि कोणती मागणी त्यांची नि कोणती आपली हे लिहून ठेवायचं. हा कागद मागितला की निम्म्या शंका आपोआप फिटतात.

इथे तुम्हाला विचारायला एक सोपा प्रश्न देते, कारण त्याचं उत्तर एका अक्षरात येतं: आपण दरवर्षी कुठला एसएक्यू भरतो? व्हिसा किंवा मास्टरकार्डचे वर्षाला ६० लाखांहून जास्त व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना पात्र ऑडिटरकडून पूर्ण अहवाल करून घ्यावा लागतो. त्याखालच्या बहुतेक कंपन्या स्वतःच एक प्रश्नावली भरतात, तिला एसएक्यू म्हणतात, आणि तिचे प्रकार आहेत. कार्डाचं सगळंच काम बाहेर दिलेलं असेल तर 'ए', त्यात मोजके प्रश्न असतात. एजंट एकेक कार्ड ब्राउझरमधल्या गेटवेच्या पानावर टाइप करतो आणि कंपनी काहीही साठवत नाही, तर 'सी-व्हीटी'. आणि कार्ड नंबर स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवला जात असेल तर 'डी', ज्यात दोनशेहून जास्त मुद्दे येतात. तुम्ही वर्णन केलेलं काम 'डी'मध्येच बसतं. कंपनी 'ए' भरत असेल, तर कागदावरची कंपनी आणि प्रत्यक्षातली कंपनी या दोन वेगळ्या आहेत. मग प्रश्न तुमच्या आणि सरांच्या वादाचा राहत नाही, कारण त्या प्रश्नावलीसोबतच्या एओसी नावाच्या प्रतिज्ञापत्रावर कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची सही असते.

'सर्टिफाइड' या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पीसीआयचं प्रमाणपत्र तुम्ही पाहिलं असेल. ऑडिट करणाऱ्या संस्था ते देतात, पण परिषद अशा प्रमाणपत्राला अधिकृत पुरावा मानत नाही. अधिकृत कागद म्हणजे एओसी, एसएक्यू, मोठ्या कंपन्यांसाठी पूर्ण अहवाल, आणि सर्व्हरमधल्या त्रुटी शोधायला बाहेरून होणाऱ्या तिमाही स्कॅनचं प्रतिज्ञापत्र. कोणी फ्रेमकडे बोट दाखवलं तर नम्रपणे एओसी मागा. त्यात कुठल्या सेवा तपासल्या आणि कुठल्या नाहीत, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. मी कुठेही गेले की ते पान पहिलं वाचते.

पासवर्डच्या शीटबद्दल मला परिस्थिती विचारायची गरज वाटत नाही. ते चूक आहे, आणि नेमकं मानकाच्याच विरुद्ध आहे. ८.२.१ सांगते की प्रत्येकाला स्वतःचा वेगळा आयडी हवा. ८.२.२ सांगते की सामायिक खातं अपवाद म्हणूनच वापरायचं, तेही कारण लिहून, मंजुरी घेऊन, ठरावीक वेळेपुरतं, आणि प्रत्येक कृती कोणी केली ते कळेल अशा रीतीने. ८.३.२ सांगते की पासवर्ड साठवताना आणि पाठवताना कोणालाही वाचता येणार नाहीत असे हवेत. ऑडिटर म्हणून मी इतक्या वर्षांत कोणाचाही पासवर्ड मागितलेला नाही. मी सेटिंग्जची स्क्रीन बघते: किमान बारा अक्षरं आहेत का, जास्तीत जास्त दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद पडतं का, कार्डाच्या माहितीच्या यंत्रणेत शिरताना पासवर्डशिवाय दुसरा पुरावा मागितला जातो का. ज्या दिवशी कोणी मला पासवर्डची शीट दाखवेल, त्या दिवशी तीच माझ्या अहवालातली पहिली त्रुटी असेल.

सरांची गरज मात्र खरी असू शकते. कोणीतरी अचानक नोकरी सोडून गेलं, सर्व्हर उघडेना, रात्रभर काम अडकलं, असा अनुभव आला असेल तर माणूस शीट बनवायला लागतो. त्यावर उपाय आहेत: ॲडमिनकडून रीसेट, पासवर्ड व्हॉल्ट (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर), आणि आणीबाणीसाठी सीलबंद ठेवलेलं एक वेगळं खातं, जे उघडलं की नोंद होते. तुम्ही नकार देताना यातला एखादा उपाय सोबत नेलात तर नकार टोचत नाही. पण पासवर्ड देऊ नका. उद्या तुमच्या नावाने कोणी काही केलं तर लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदींमध्ये, तुमचंच नाव दिसेल, आणि 'शीट सगळ्यांकडे होती' हे सिद्ध करायला तुम्हालाच धावावं लागेल.

मोबाइलचं वाक्य सोडून द्या. डेस्कवर फोन नको असं मानकात थेट कुठे लिहिलेलं नाही, पण जिथे लोक कार्ड नंबर ऐकतात आणि टाइप करतात तिथे कॅमेरा नको, हे शहाणपणाचं आहे. ही कंपनीची पॉलिसी आहे, मानकापेक्षा कडक आहे, आणि तसं असायला कोणाचीच हरकत नाही. यावर वाद घातलात तर बाकीच्या मुद्द्यांचं वजन कमी होईल.

तर आतापर्यंतचा हिशेब असा. मोबाइलबद्दल सर बरोबर आहेत, फक्त नाव चुकीचं घेतात. पासवर्डबद्दल चूक आहेत. गेटवेबद्दल अर्धवट आहेत. सीव्हीव्हीबद्दल चूक आहेत की निम्मे बरोबर, ते पहिला व्यवहार कधी होतो यावर अवलंबून आहे.

आता विचारायचं कसं. यात मी स्वतः एकदा फार वाईट चुकले होते, ते सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मीटिंगमध्ये, क्लायंटसमोर, माझे वरिष्ठ म्हणाले की लॉग तीन महिने ठेवले की पुरे. मी तिथेच म्हटलं, नाही सर, एक वर्ष ठेवायचे असतात, त्यातले शेवटचे तीन महिने लगेच बघता येतील असे हवेत. मी बरोबर होते. पण त्यानंतर त्यांनी मला त्या प्रोजेक्टच्या चर्चांतून बाजूला ठेवलं, आणि लॉग आणखी आठ महिने तीनच महिने ठेवले जात राहिले. ते बदलावे म्हणून मी बोलले होते, आणि माझ्या बोलण्याच्या पद्धतीमुळेच ते लांबले. आजही मला त्याची खंत वाटते.

त्यामुळे एका वेळी एकच मुद्दा घ्या, सर एकटे असताना, आणि प्रश्न तुमच्या कामाच्या गरजेतून यायला हवा. तुम्ही सपोर्टमध्ये आहात, प्रक्रिया लिहून ठेवणं हे तुमचं कामच आहे. मी असं म्हणेन: 'सर, बुकिंग सॉफ्टवेअरची सपोर्ट नोट लिहितोय. सीव्हीव्ही कधी पुसायचा ते त्यात टाकायचंय. मानकात ३.३.१ आणि ३.३.२ असं दोन्ही आहे, आपल्याला कुठलं लागू होतं ते माझ्या लक्षात येत नाहीये. बँकेने काही लेखी दिलंय का? असेल तर मी त्याचा संदर्भ टाकतो.' यात आरोप नाही, पण सोपी पळवाटही नाही. सरांना बघून सांगतो म्हणायची जागा आहे, आणि चूक असेल तर ती स्वतः सापडल्यासारखी दुरुस्त करायचीही. संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: सकाळी बोललो त्याप्रमाणे बँकेच्या पत्राची वाट बघतोय, तोवर नोटमध्ये ती जागा रिकामी ठेवली आहे. पुढे कधी गरज पडली तर हाच मेल तुमच्या कामी येईल.

उत्तर काय येतं त्यावरून ते वाक्य कोणाचं हे कळेल. मानकाचा क्रमांक सांगितला तर तो पूर्ण वाचा, तुमचाही गैरसमज असू शकतो. बँकेने सांगितलंय म्हणाले तर पत्र किंवा मेल बघायला मागा. आपली पॉलिसी आहे म्हणाले, तर ती मानकापेक्षा कडक आहे की सैल एवढं बघा. कडक असेल तर पाळा. सैल असेल तर ती मानकाची जागा घेऊ शकत नाही. आणि 'पहिल्यापासून असंच चालत आलंय' असं उत्तर आलं, तर हे बदलायचा अधिकार कोणाकडे आहे एवढंच विचारा.

काही गोष्टी अजिबात करू नका. पुरावा म्हणून कार्ड नंबर दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढू नका, स्क्रीनशॉट मेल किंवा व्हॉट्सॲप करू नका, फाइल घरी नेऊ नका. तसं केलंत तर माहिती बाहेर नेणारे तुम्हीच ठरता, आणि त्यानंतर मूळ मुद्द्याबद्दल कोणी बोलणार नाही. रकान्याचं नाव, टेबलचं नाव, तारीख एवढं लिहिलं तरी जाणकाराला कळतं. सर्व्हरवर कार्ड नंबर शोधणारी स्क्रिप्ट स्वतःच्या मनाने चालवू नका, परवानगी घ्या. आणि मेलमध्ये 'पॅन' असं नुसतं लिहू नका. आमच्या भाषेत पॅन म्हणजे कार्डावरचा मुख्य क्रमांक. अकाउंट्समधले लोक मात्र आयकराचा पॅन समजतात आणि 'तो तर ठेवावाच लागतो' असं उत्तर देऊन विषय बंद करतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

एकदा तोंडी आणि एकदा मेलवर विचारूनही दोन-तीन आठवड्यांत काही हललं नाही, तर एओसीवर सही करणाऱ्यापर्यंत प्रश्न जायला हवा. तो बहुतेक वेळा फायनान्स हेड असतो किंवा माहिती-सुरक्षेचा प्रमुख. तेव्हाही 'सर चुकतात' असं न म्हणता 'या कागदावर आणि या स्क्रीनवर वेगळं दिसतंय, कुठलं बरोबर धरू?' असं विचारा. थेट बँकेकडे जाऊ नका, निदान या टप्प्यावर तरी नाही. प्रोबेशनवर असताना याची किंमत किती पडेल ते तुमचं ऑफिस तुम्हीच जास्त ओळखता, आणि सीव्हीव्हीचा मुद्दा कन्फर्मेशनपर्यंत महिना-दोन महिने हळूहळू नेलात म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही. पण माहिती प्रत्यक्ष बाहेर गेल्याची खूण दिसली, उदाहरणार्थ पाहुण्यांच्या तक्रारी यायला लागल्या की तुमच्याकडे बुकिंग केल्यावर कार्डावर अनोळखी खर्च आले, तर थांबू नका, त्याच तासाला लेखी कळवा. सर्ट-इन या सायबर-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपनीला अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवावी लागते, आणि तुमचा मेल हीच 'लक्षात आल्याची' वेळ ठरू शकते.

सोमवारी सुरुवात पासवर्डपासून करा, कारण तिथे मानकाचं उत्तर स्पष्ट आहे आणि पर्याय तुमच्या हातात आहे. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्समध्ये कोणालातरी विचारा की बँकेची वार्षिक पीसीआयची प्रश्नावली कोण भरतं आणि गेल्या वर्षी कुठली भरली. आणि पैसे बुकिंगच्या वेळी कापले जातात की चेक-इनला, एवढं कळलं की मला इथे लिहा. कंपनीचं नाव नको, आकडे नकोत, फक्त 'बुकिंग' की 'चेक-इन' तेवढं पुरे. त्यावरून सीव्हीव्हीचं निम्मं राहिलेलं उत्तर मी पूर्ण देईन.